नाशिकरोडचं निळं पुस्तक

आमचे वडील, नाना, प्रेसला होते. नाशिकरोडला एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२५ पासूनची. टपाल तिकिटं, स्टॅम्प पेपर आणि देशभर वाटल्या जाणाऱ्या पासपोर्टांच्या कोऱ्या पुस्तिका इथे छापल्या जातात. नाना बांधणीच्या कामावर होते. सुटताना गेटवर झडती होत असे, त्यामुळे त्यांच्या कामाचा कागदाचा कपटासुद्धा आम्ही भावंडांनी घरी कधी पाहिला नाही. मी पहिल्यांदा पासपोर्ट काढला आणि पोस्टमनने पाकीट आणून दिलं, तेव्हा नानांनी ते निळं पुस्तक हातात घेतलं आणि नाव, फोटो काहीही न बघता थेट मधलं पान उघडलं. दोन पानांमधल्या शिवणीवरून बोट फिरवलं. अंगठ्याने पानांची कड सरकवली. म्हणाले, "आपलंच आहे."

पुढे काही वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच पुस्तकाकडे बघून मला एकामागून एक नकार येऊ लागले. मी तोवर नाशकातल्या एका शाळेत आठ वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. एम. ए. इंग्रजी, बी. एड., आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत साडेआठ. आणि परदेशातल्या नोकरीच्या जाहिरातीत पहिली ओळ असायची ती 'नेटिव्ह स्पीकर'ची, म्हणजे इंग्रजी हीच मातृभाषा असलेला शिक्षक हवा अशी, आणि तिच्याखाली सात देशांची यादी. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. पुष्कळ दिवस मी ही यादी नानांना सांगितलीच नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे, त्यांना काय समजावून सांगू हेच सुचत नव्हतं म्हणून. शेवटी एकदा रात्री जेवताना सांगितलं. नाना घास हातात धरून थांबले. "पुस्तक बघून भाषा कशी कळते त्यांना?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझी पुढची काही वर्षं गेली. परदेशात इंग्रजी शिकवायला जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना ते उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. बंद दारं दोन प्रकारची असतात. काही कायद्याने बंद असतात, काही नुसती सवयीने. मला हे कळायला सहा महिने लागले आणि ते सहा महिने मी चुकीच्या दारांवर डोकं आपटत बसले.

दक्षिण कोरिया हे कायद्याचं दार. तिथे इंग्रजी शिकवण्यासाठी ई-२ नावाचा व्हिसा लागतो आणि तो त्या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. तुमचं इंग्रजी कितीही चोख असो, तिथल्या हाग्वॉनमध्ये, म्हणजे खासगी शिकवणी वर्गात, तुम्हाला घेताच येत नाही. मालकाची इच्छा असली तरी. एक फट मात्र आहे. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात भारतीय सहाय्यक इंग्रजी शिक्षकांसाठी वाट ठेवलेली आहे. ती फक्त शाळांपुरती, आणि शिक्षकाची रीतसर पात्रता असलेल्यांसाठी. जपानमध्ये नियम वेगळा. शाळेत भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेतून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. ज्यांची सगळी शाळा मराठी माध्यमात झाली त्यांच्यासाठी ही वाट तिथेच संपते. हे आधी कळलं तर निदान अर्ज करण्यात आणि त्याच्या उत्तराची वाट बघण्यात रात्री जात नाहीत.

सात देशांच्या यादीत दक्षिण आफ्रिका आहे याचा मी फार विचार करत असे. तिथल्या जनगणनेत घरात इंग्रजी बोलणारे दहा टक्केसुद्धा भरत नाहीत. घरी झुलू बोलणाऱ्या आणि शाळेत इंग्रजी शिकलेल्या मुलीत आणि घरी मराठी बोलणाऱ्या माझ्यात भाषेच्या दृष्टीने असा काय फरक? तिला दार उघडतं याचा मला आनंदच आहे. पण मग ते दार भाषेचं नाही, पासपोर्टचं आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे २,५९,६७८ लोक होते. ते जन्मापासून इंग्रजी बोलतात आणि तरीही कोरियाच्या यादीच्या दृष्टीने ते नेटिव्ह नाहीत. नानांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. त्यांना भाषा कळतच नाही, ते पुस्तकच बघतात.

श्रीनगरला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात इंग्लंड-अमेरिकेसारखे देश. बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर, जिथे इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आली आणि घर करून राहिली. तिसरं, वाढत जाणारं वर्तुळ चीन, जपान, व्हिएतनामसारख्यांचं. मी हे एम. ए. ला पाठ केलं होतं आणि परीक्षेत चांगले गुणही मिळवले होते. त्याचा अर्थ माझ्यापुरता काय, हे मात्र जाहिराती वाचताना कळलं. तिसऱ्या वर्तुळातले लोक पैसे मोजून पहिल्या वर्तुळातला शिक्षक मागतात आणि मधल्या वर्तुळातल्या माणसाला बाहेर उभं करतात. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये 'आदर्श शिक्षक म्हणजे नेटिव्ह' या समजाला सरळ भ्रम म्हटलं. टीसॉल या इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेने २००६ मध्ये अशा भेदभावाविरुद्ध आपली भूमिका जाहीर केली. जाहिराती त्यानंतरही तशाच येत राहिल्या.

मी स्वतः इंग्रजी शिकले ती पाचवीपासून. तेव्हा महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायची. पहिलीपासूनची इंग्रजी २००० मध्ये आली. नेहरूनगरच्या क्वार्टर्समधून आम्ही पोरं शाळेत चालत जायचो आणि वाटेत स्पेलिंगं घोकायचो. क्रियापदांची तीन रूपं मी पाढ्यासारखी म्हणत असे. गो-वेंट-गॉन. ती लय अजून अंगात आहे. या भाषेतली एकही गोष्ट मला आयती मिळालेली नाही. 'अ', 'ॲन', 'द' कुठे लावायचं हे मराठीत नाहीच, त्यामुळे ते मला एकेका वाक्यातून वेचावं लागलं. माझी ही सगळी वेचणी शिक्षकाच्या कामाची आहे हे मला तीस वर्षांची होईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

ते कळलं मुंबईत, सेल्टाच्या वर्गात.

सेल्टा हे इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं प्रमाणपत्र. पूर्णवेळ केलं तर चार आठवडे, १२० तास, चार लेखी प्रकल्प, आणि सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणं, मागे परीक्षक बसलेला असताना. पोस्टातली मुदत ठेव मोडून मी फी भरली आणि डोंबिवलीला मावशीकडे राहिले. सकाळची लोकल, संध्याकाळची लोकल आणि रात्री उद्याच्या पाठाची तयारी. मावशी डबा द्यायची आणि विचारायची, "अगं, आठ वर्षं शिकवत्येस, आता काय शिकायचं राहिलंय?" खूप राहिलं होतं. पहिल्याच पाठानंतर परीक्षकबाईंनी मला घड्याळ दाखवलं. चाळीस मिनिटांतली एकतीस मिनिटं मीच बोलले होते.

दुसऱ्या आठवड्यात 'यूज्ड टू' शिकवायचं होतं. मी फळ्यावर लिहिलं, 'आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक.' आणि विचारलं, "समजलं का?" सगळ्यांनी माना हलवल्या. बाईंनी नंतर मला बाजूला घेतलं. 'समजलं का' हा प्रश्नच विचारायचा नाही, त्याला कोणीही हो म्हणतं. विचारायचं असं: मी आता नाशिकला राहते का? पूर्वी राहत होते का? एकदाच की बराच काळ? उत्तरावरून कळतं, समजलं की नाही. मी त्या रात्री लोकलमध्ये उभी राहून विचार करत होते, की मराठीत आपण हे किती सहज करतो. 'मी नाशिकला राहायचे.' त्या एका 'राहायचे'त पूर्वी, सवयीने, आता नाही, हे सगळं आलं. माझ्या डोक्यात ते इंग्रजी रूप पक्कं बसलं होतं ते मराठीच्या आधारानेच. आणि म्हणूनच कुठला प्रश्न विचारला की गाठ सुटेल हे मला चटकन दिसत होतं.

मग ती कागदाची पट्टी. बाईंनी वहीचा एक पातळ कागद फाडून माझ्या ओठांसमोर धरला. "पेन म्हणा." म्हटलं. कागद हलला नाही. "पुन्हा." नाही हलला. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'ला हवेचा झोत लागतो. आपला मराठी 'प' कोरडा असतो. झोत नसेल तर इंग्रजी कानाला 'पेन'चं 'बेन' ऐकू येतं. मी 'प'ला थोडा 'ह' जोडला, 'फळ'मधल्या 'फ'सारखा, आणि कागद फडफडला. इतक्या वर्षांत मला हे कोणी दाखवलं नव्हतं. जेनिफर जेनकिन्स यांनी २००० मध्ये इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी आपसांत इंग्रजी बोलताना कळायला खरोखर काय लागतं याची एक यादी मांडली. त्यात हा 'प'चा झोत आहे. आणि आपण ज्याबद्दल आयुष्यभर लाजतो तो 'थँक यू'तला दंत्य 'थ'? त्याने कळण्यात काही बिघडत नाही म्हणून तो यादीतून वगळलेला आहे. मी ते वाचलं आणि माझ्या शाळेतल्या सगळ्या मुलांची आठवण झाली, ज्यांना मी त्या 'थ'साठी पुन्हा पुन्हा उभं केलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जाता जाता प्रमाणपत्रांबद्दल. बाजारात '१२० तास' लिहिलेली ऑनलाइन टेफल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याची, प्रमाणपत्रं सवलतीत अगदी स्वस्त मिळतात. काही देशांत कागद म्हणून ती चालतातही. पण ज्यात एकही खरा विद्यार्थी समोर नाही ते करून तुम्हाला शिकवता येत नाही, आणि मुलाखतीत ते दोन प्रश्नांत उघडं पडतं. सेल्टा किंवा ट्रिनिटीचं सर्टटीसॉल, या दोन्हींत प्रत्यक्ष शिकवणं असतं. नेटिव्ह नसलेल्या माणसाकडे तर हे हवंच. त्यांना पासपोर्टवर विश्वास ठेवता येतो, आपल्याला विश्वास मिळवावा लागतो. सेल्टा २०२० पासून पूर्ण ऑनलाइनही करता येतं, तेव्हा आता डोंबिवलीची मावशी असायलाच हवी असं नाही.

आता सवयीने बंद असलेली दारं. व्हिएतनाम आणि थायलंड इथे कायदा तुम्हाला नको म्हणत नाही. थायलंडमध्ये नेटिव्ह नसलेल्यांकडून टोईकसारख्या परीक्षेचे गुण मागतात. व्हिएतनाममध्ये पदवी, इंग्रजीच्या पातळीचा पुरावा, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी, एवढं असलं की वर्क परमिट मिळू शकतं. जाहिरातीत 'फक्त नेटिव्ह' लिहितात ते पालकांना गोरा चेहरा दाखवायचा असतो म्हणून. हे कटू आहे आणि खरं आहे. पण सवयीचं दार ठोठावून उघडता येतं. आखातातली गोष्ट आणखी वेगळी. दुबई, मस्कत, कुवेत इथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांना इंग्रजीच्या भारतीय शिक्षकांची गरज असतेच. तिथे बी. एड. पाहिजे, अनुभव पाहिजे, आणि पगार ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांच्या मानाने कमी असतो. घरच्यांना सोबत घेऊन स्थिर राहायचं असेल तर ती वाट चांगली. मला मात्र अशा मुलांना शिकवायचं होतं ज्यांच्या घरात इंग्रजीचा गंधही नाही. जशी मी होते.

मी एक वही केली होती. डाव्या पानावर अर्ज, उजव्या पानावर उत्तर. उजवी पानं बहुतेक कोरीच राहिली. ज्यांची उत्तरं आली त्यांतल्या एकाने फोटो मागितला आणि नंतर गप्प झाला. एकाने मुलाखत घेतली, डेमो पाठ घेतला, पाठ आवडला असं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "पालकांना आम्ही तुम्ही लंडनमध्ये वाढलात असं सांगू. तुमची हरकत नाही ना?" तो वाईट माणूस नव्हता. त्याला नोकरी द्यायचीच होती. मी दोन मिनिटं गप्प बसले. त्या दोन मिनिटांत मला नेहरूनगरची क्वार्टर, गो-वेंट-गॉन म्हणत जाणारी पोरं आणि पासपोर्टच्या शिवणीवरून फिरणारं नानांचं बोट, सगळं दिसलं. मी नको म्हटलं. तेव्हा हातात दुसरी नोकरी नव्हती आणि पुढचे दोन महिने मिळालीही नाही. त्या दोन महिन्यांत आपण चुकलो असं अनेकदा वाटलं. आज विचाराल तर सांगते, तिथे हो म्हटलं असतं तर वर्गात उभी राहून मी मुलांना एकच गोष्ट शिकवू शकले नसते, जी मला सगळ्यात चांगली येते: ही भाषा शिकून येते.

शेवटी नोकरी मिळाली ती उत्तर व्हिएतनाममधल्या हायफाँग या बंदराच्या शहरात. डेमोत मी कागदाची पट्टी वापरली होती.

मग कागदपत्रं. यातलं बरंच कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझी पदवी २००८ ची, तिच्यावर 'पुणे विद्यापीठ'. २०१४ मध्ये विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, त्यामुळे पडताळणीचं पत्र नव्या नावाने आलं. तिकडून विचारणा झाली, ही दोन विद्यापीठं आहेत का? मग आपली जुनी कुरबूर, नावाचा क्रम. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर ते उलटं होतं. दोन वेगळ्या बाया वाटाव्यात असं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र. विद्यापीठाची पडताळणी, मग राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग व्हिएतनामच्या दूतावासाचा. या खेपांत मला पंचवटी एक्सप्रेसच्या पासधारकांची नावंसुद्धा माहीत झाली. एका काकांनी तर खिडकीची जागा माझ्यासाठी धरून ठेवायला सुरुवात केली. "शिक्के झाले का गं?" रोज विचारायचे.

हायफाँगला पोचल्यावर वर्क परमिटच्या कामासाठी शाळेतल्या ज्या कारकून मुलीकडे माझी फाइल गेली तिने गुणपत्रिका पाहिली, पासपोर्ट पाहिला आणि काहीही न विचारता पुढे सरकली. मी म्हटलं, नावाचा क्रम उलटा आहे, प्रतिज्ञापत्र जोडलं आहे. ती हसून म्हणाली, आमच्याकडेही आडनाव आधीच लिहितात. मला तिला मिठी मारावीशी वाटली.

पहिल्या दिवशी वर्गात बावीस मुलं होती, सात-आठ वर्षांची. मी आत आले आणि ती एका सुरात म्हणाली, "को!" व्हिएतनामी भाषेत शिक्षिकेला 'को' म्हणतात. आणि तोच शब्द बापाच्या बहिणीला. म्हणजे मी सगळ्या वर्गाची आत्या झाले. त्या भाषेत 'मी' आणि 'तू'साठी बहुतेक वेळा नात्याचेच शब्द वापरतात. समोरचा आपल्याहून मोठा की लहान, हे ठरल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. इंग्लंडहून आलेल्या माझ्या सहकाऱ्याला याची सवय व्हायला फार वेळ लागला. मला एक दिवसही लागला नाही. आणि तिथे भेटल्यावर विचारतात, "आन कम च्युआ?" म्हणजे जेवलीस की अजून नाही? घरापासून इतक्या लांब, जिन्यात भेटलेल्या शेजारच्या आजींनी हे विचारलं तेव्हा मला आईची इतकी आठवण आली की मी खोलीत जाऊन लगेच फोन लावला.

त्या मुलांचं इंग्रजी ऐकल्यावर मला कळलं की मी योग्य ठिकाणी आले आहे. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'स', 'व्ह', 'फ', 'ल' असे आवाज येत नाहीत. त्यामुळे 'हाउस'चं 'हाउ', 'राइस'चं 'राइ', 'फाइव्ह'चं 'फाइ'. शब्दाची शेपटी गायब. माझा सहकारी म्हणायचा, "फाइव्ह. ऐका. फाइव्ह." मुलं म्हणायची, "फाइ." त्याचं चूक नव्हतं, हा आवाज कसा निघतो हे त्याला कधी शोधावंच लागलं नव्हतं. मी 'व्ह' आणि 'व' यांतला फरक आरशासमोर शिकले होते, खालचा ओठ वरच्या दातांना लावून. मी पर्समधला छोटा आरसा काढला आणि बाकाबाकावर फिरवला. प्रत्येकाने आपला ओठ पाहिला. तोंडापुढे तर्जनी धरायची आणि शब्दाबरोबर ती हळूहळू लांब न्यायची. बोट पूर्ण लांब जाईपर्यंत आवाज थांबवायचा नाही. 'हाउस्स्स्स.' बावीस बोटं एकदम हवेत. आणि 'पेन'चं ते 'बेन' म्हणायची, कारण शब्दाच्या सुरुवातीचा 'प' त्यांच्या अस्सल शब्दांत नाहीच. पुन्हा कागदाच्या पट्ट्या. एक मुलगी होती, वर्गात कधीच न बोलणारी. तिचा कागद फडफडला तेव्हा ती इतकी दचकली की तिने तो लपवून ठेवला. मग दप्तरात घालून घरी नेला. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या फाटकाशी येऊन मला काहीतरी सांगत होती, मला शब्द कळत नव्हते, पण तिने आपल्या ओठांसमोर रुमाल धरला आणि 'पेन' म्हणून दाखवलं. रुमाल हलला.

एकदा तो सहकारी संध्याकाळी माझ्या टेबलाशी आला. 'आय एट' आणि 'आय हॅव ईटन' यांत फरक काय हे मोठ्या मुलांनी त्याला विचारलं होतं. त्याला तो फरक माहीत होता, सांगता येत नव्हता. मी त्याला मराठीतलं 'जेवले' आणि 'जेवलेय' दाखवलं. त्याला ते अर्थातच कळलं नाही, पण मला माझी वाट सापडली. व्हिएतनामीत क्रियापद बदलत नाही, काम झालं आहे हे सांगायला वाक्याच्या शेवटी 'रोई' लावतात (हायफाँगकडे त्याचा उच्चार 'झोई' होतो). आम्ही दोघांनी मिळून त्याच्यावर पाठ बेतला. त्याच्याकडून मी शेकडो म्हणी, गाणी, बोलण्याच्या लकबी शिकले. एकमेकांच्या बाजूला आम्ही दोघं चांगले शिक्षक होतो. फक्त त्याचा तासाचा दर माझ्यापेक्षा दीडपट होता. वर्षभराने मी माझ्या वर्गांचे निकाल आणि पाठ-निरीक्षणाचे अहवाल घेऊन कार्यालयात गेले आणि वाढ मागितली. सगळी नाही मिळाली, पण बरीच मिळाली. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि आपल्याकडच्या मुली मागायला फार उशीर करतात. मीही केला.

हायफाँगला गुलमोहराचं शहर म्हणतात. मे महिन्यात रस्ते लाल होतात, आणि तिथे ते फूल शाळा सुटण्याचं, परीक्षांचं, निरोपाचं मानतात. मुलं वहीच्या पानांत पाकळ्या दाबून ठेवतात. नाशिकरोडलाही मेमध्ये तेच झाड तसंच पेटलेलं असतं. कोविडचा काळ मी तिथेच काढला, शाळा बंद, वर्ग पडद्यावर. २०२२ मध्ये नानांची तब्येत बिघडली म्हणून परत आले आणि इथेच राहिले.

आता माझ्याकडे घरी मुलं-मुली येतात. या दिवसांत येते ती नांदूरशिंगोट्याची. वडिलांची कांद्याची शेती, शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजीत एम. ए. पहिल्या दिवशी तिने फोनवरची एक जाहिरात दाखवली आणि विचारलं, "ताई, एजंट म्हणतोय टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर परमिट करून देतील. दीड लाख मागतोय." मी तिला तिथेच थांबवलं. टुरिस्ट व्हिसावर काम करणं म्हणजे कायदा मोडणं, आणि त्यानंतर तुमचा पासपोर्ट कोणाच्या तरी कपाटात जातो. नोकरीच्या नावाखाली म्यानमार-कंबोडियातल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकवलेल्या भारतीय मुलांच्या बातम्या २०२२ पासून येत आहेत, त्यांतल्या पुष्कळांची सुरुवात अशीच झाली. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावरच्या यादीत त्याचं नाव आहे का ते बघायचं. त्याने घ्यायची फीसुद्धा ठरलेली आहे, तीस हजार आणि वर जीएसटी. दीड लाखाचा आकडा ऐकताच उठायचं.

गेल्या आठवड्यात तिचा डेमो होता. व्हिएतनामचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, म्हणून सकाळी साडेसातला. गावात नेटचा भरवसा नाही, त्यामुळे ती आदल्या रात्रीच आमच्याकडे राहायला आली. पहाटे पाचला उठून हॉलमध्ये फेऱ्या मारत होती. नानांनी तिच्यासाठी चहा केला आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं, खोकला मध्ये येऊ नये म्हणून. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून ऐकत होते. पाठ छान झाला. 'समजलं का' तिने एकदाही विचारलं नाही. शेवटी पलीकडच्या बाईंनी विचारलं, तुम्ही नेटिव्ह स्पीकर आहात का? मी श्वास धरला. ती म्हणाली, नाही, मी मराठी आहे, इंग्रजी मी शाळेत शिकले, आणि तुमची मुलं जिथे अडखळतात तिथे मीही अडखळले आहे. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. आठवड्याभरात कळवतो म्हणाल्या.

अजून कळवलेलं नाही. काल तिने फोन केला तो दुसऱ्याच कामासाठी. "ताई, माझ्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि पासपोर्टवर मागे. शिवाय आईचं नाव एकीकडे 'सुमन' आणि एकीकडे 'सुमनबाई'. आत्तापासूनच करून ठेवू का सगळं?" मी म्हटलं, करून ठेव. सोमवारी सिन्नरला जाऊन दोन्हींचं एकच प्रतिज्ञापत्र कर, आणि नोटरीच्या शिक्क्याखाली तारीख नीट उमटली आहे का ते तिथेच बघून घे.